दोन तारखांच्या मधलं

एप्रिल २०२५. पहाटेचे साडेपाच वाजले असतील, सांगलीतल्या एका हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोरच्या स्टीलच्या बाकड्यावर मी बसलो होतो. आदल्या दिवशी बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, रात्रभर ते झोपेत "पान तीन, पान तीन" असं काहीतरी पुटपुटत होते आणि मी दर अर्ध्या तासाने उठून सलाईनची बाटली बघत होतो. फिनेलचा वास, खालच्या कँटीनमधून येणारा उकळत्या चहाचा वास, आणि कुठल्यातरी खोलीत एकसारखं वाजणारं मशीन. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. मला वाटलं आई असेल, तिला रात्रभर झोप नसणारच. पण आई नव्हती, माझ्या प्रोजेक्टवर, म्हणजे मी फुकट वाटत असलेल्या एका छोट्या सॉफ्टवेअरच्या पानावर, कोणीतरी कमेंट टाकली होती. "इज धिस प्रोजेक्ट डेड?" आणि त्याच्या खाली मराठीत, "असेल तर तसं वर लिहून टाका, म्हणजे आमचा वेळ जाणार नाही."

शिवी नव्हती त्यात. चुकीचंही काही नव्हतं, कित्येक महिने मी तिथे एक ओळ हलवली नव्हती. मी उत्तर टाइप करायला घेतलं. आधी लिहिलं की वडील ऍडमिट आहेत, मग वाटलं अनोळखी माणसाला हे कशाला सांगायचं, खोडलं. मग लिहिलं की हे काम मी फुकट करतो, रात्री जागून करतो, तेही खोडलं, कारण त्याने तक्रार केलीच नव्हती, नुसतं विचारलं होतं. मग लिहिलं "लवकरच बघतो", आणि वर बघितलं तर त्याच इश्यूवर, म्हणजे अडचणीच्या त्याच नोंदीवर, पाच महिन्यांपूर्वी मी हेच दोन शब्द लिहून ठेवले होते. चौथ्यांदा मी नुसतं "हो" लिहिलं. तेवढ्यात सिस्टरने हाक मारली, पेशंटचे नातेवाईक कोण आहेत, म्हणून मी उठलो.

ते "हो" पाठवलं गेलं नाही. पण ते टाइप करताना बोट जराही अडखळलं नव्हतं, हे मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

प्रोजेक्ट म्हणजे फार मोठं काही नाही, जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळ्या कॉम्प्युटर-मोबाइलवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणणारा एक कन्व्हर्टर. बाबांचं डीटीपीचं दुकान होतं, १९९४ पासून, लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, निवडणुकीच्या वेळी हँडबिलं. पानं मांडायचा पेजमेकर उघडलेला, शेजारी श्रीलिपी या मराठी फॉन्टचं कीबोर्डचं पान चिकटवलेलं, लेझर प्रिंटरच्या टोनरचा तो गरम वास आणि ट्रेसिंगवर काढलेली प्रिंट दोन हातांत धरून ट्यूबलाइटकडे उंच करून बघणारे बाबा. माझं अर्धं लहानपण त्या प्रकाशाखाली गेलं. नंतर युनिकोड आलं आणि त्या सगळ्या फाइली मुक्या झाल्या, म्हणजे फाइल उघडते पण मराठीच्या जागी डोक्यावर टिंबं असलेली रोमन अक्षरं, पौंडाच्या खुणा, असलं काहीतरी दिसतं. ज्यांच्या ज्यांच्याकडे जुनं काम आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. २०१३ मध्ये बाबांच्या सीड्या वाचवायच्या म्हणून मी चार रात्री बसून एक स्क्रिप्ट लिहिली आणि कुणाला उपयोग झाला तर झाला म्हणून गिटहबवर, जिथे लोक आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवतात तिथे, टाकून दिली.

उपयोग झाला. कुणाकडे आजोबांनी लिहिलेला गावचा इतिहास होता, कुणाकडे दिवाळी अंकाचे पंधरा वर्षांचे गठ्ठे, एका वाचनालयाची सूची होती. हे मला कसं कळलं, तर काहीतरी बिघडलं तेव्हा कळलं. चाललं तर कुणी सांगत नाही, आणि का सांगावं, नळाला पाणी आलं म्हणून आपण कुठे फोन करतो. पण त्यामुळे बारा वर्षांत माझ्या फोनवर त्या प्रोजेक्टच्या नावाने जे जे काही आलं ते जवळपास सगळं "हे चालत नाही" असंच होतं, आणि रोज ऑफिसमधून येऊन जेवून साडेदहाला लॅपटॉप उघडायचा आणि सगळ्यात आधी आपलं काय चुकलंय ते वाचायचं, याचा माणसावर काय परिणाम होतो हे मला वेळेवर समजलं नाही. थकवा असा एकदम येत नाही. आधी शनिवारवर ढकललं जातं, मग पुढच्या शनिवारवर, मग न वाचलेल्या तक्रारींचा तो लाल आकडा दिसला की पोटात काहीतरी खाली सरकतं, आणि मग एक दिवस तुम्ही नोटिफिकेशन बंद करता आणि त्या रात्री छान झोप लागते.

बाबांच्या दुकानाला शटर होतं. आजारपण असलं, घरात कार्य असलं की ते पाटीवर खडूने लिहायचे, "घरगुती अडचणीमुळे दुकान दोन दिवस बंद राहील", आणि पत्रिका घ्यायला आलेला माणूस ती पाटी वाचून परत जायचा, फार तर पुढच्या वेळी विचारायचा, काय हो, सगळं ठीक ना. मी बारा वर्षांत एकदाही पाटी लावली नाही. लावता येते हेच सुचलं नाही.

आता गिटबद्दल. गिट म्हणजे कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारं साधन, गिटहब त्याच्यावरच चालतं. मी त्याच्यावर रोज पोट भरतो, त्याच्याशिवाय मला काम करता येणार नाही, आणि तरीही मराठी घेऊन त्याच्याकडे गेलात की ते तुम्हाला कसं थकवतं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फाइलचं नाव देवनागरीत ठेवा, स्टेटस, म्हणजे काय काय बदललंय त्याची यादी, बघा, तुम्हाला नाव दिसत नाही, ३४०, २४४, २५६ असले आकडे उलट्या तिरप्या रेघांसकट दिसतात, तो 'म' असतो. एक सेटिंग बंद केलं की नीट दिसतं, पण ते सेटिंग प्रत्येक नव्या माणसाला मी स्वतः सांगितलंय. मग विंडोजवरच्या ओळी. डीटीपीवाली माणसं, मनापासून मदत करणारी, अक्षरांच्या टेबलाची फाइल नोटपॅडमध्ये उघडून तीन ओळी दुरुस्त करून पाठवतात, आणि ओळ संपल्याची खूण बदलल्यामुळे गिट म्हणतं दोन हजार ओळी बदलल्या. त्यातल्या खऱ्या तीन शोधायच्या. त्या माणसाला सांगायचं की परत करा, तर तो बिचारा म्हणतो, सर मी तर तीनच बदलल्या.

आणि सगळ्यात वाईट आपला ऱ्य. दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना भाजीत मीठ किती ते विचारायचं. जुन्या फॉन्टमध्ये रफाराला एक जागा आणि या अर्ध्या, पापणीसारख्या र ला दुसरी जागा, आणि माझा कन्व्हर्टर पहिली दहा वर्षं दोघांनाही रफारच समजत होता, त्यामुळे "दुसऱ्या" चं "दुसर्या" व्हायचं. त्यात युनिकोडमध्ये हा र लिहायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, दुसरी जुनी, साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारा जोडक घालायचा. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात. अगदी सारखे. पण मशीनला ते दोन वेगळे शब्द, शोधताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. आणि दोघांचे बदल एकत्र करताना एकाच ओळीवर अडलं, म्हणजे मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, की वर सात बाण, खाली सात बाण, मध्ये बरोबरच्या खुणांची रेघ, आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकच ओळ. "दुसऱ्या मजल्यावर" वर, "दुसर्‍या मजल्यावर" खाली. रात्री एक वाजता तुम्ही त्या दोन ओळींकडे बघता, त्यांत काहीही फरक नाही, आणि गिट सांगतंय की यातली एक निवडा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मुलीने हे सोडवलं.

ती तेव्हा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पीआरमध्ये, म्हणजे कोड दुरुस्त करून "हे आत घ्या" म्हणून पाठवलेल्या विनंतीत, तिने सगळं व्यवस्थित लिहिलं होतं, कुठल्या फॉन्टमध्ये कुठलं चिन्ह, दोन्ही पद्धती एकाच पद्धतीत कशा आणायच्या, आणि शेवटी, "सर, जमेल तेव्हा बघा." मला तो पीआर पाच आठवडे दिसलाच नाही. नोटिफिकेशन तेव्हा बंद होती ना. ती का बंद होती याला माझा थकवा कारण होताच, पण तेव्हाचा गोंधळही होता. ऑक्टोबर २०२० मध्ये, हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात पीआर पाठवले की मिळणाऱ्या टी-शर्टसाठी, लोकांनी जगभरच्या प्रोजेक्टमध्ये रीडमीत, म्हणजे माहितीच्या पानावर, "अमेझिंग प्रोजेक्ट" एवढंच घालून पीआर पाठवले होते, माझ्याकडेही आले, आणि २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस नावाच्या मोठ्या प्रोजेक्टच्या रीडमीत आपलं नाव घालणारे पीआर आपल्याकडच्या मुलांनी ढिगाने पाठवले, कारण एका शिकवणीच्या व्हिडिओत तसं करून दाखवलं होतं. मला त्या मुलांचा राग आला नाही कधी. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की रेझ्युमेवर ओपन सोर्स पाहिजे, आणि ओपन सोर्स म्हणजे काय हे सांगायला कुणी बसलेलं नसतं. पण त्या ढिगाऱ्याखाली जी खरी मदत येते तीही गाडली जाते, आणि तिची बाजू कुणी मांडत नाही.

मी तिचा पीआर उघडला तो मार्चच्या शेवटी, गुड फ्रायडेच्या सुट्टीत, शनिवारी सकाळी. आणि नेमकं त्याच सकाळी सगळीकडे एक्सझेडची बातमी होती.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध आहे त्यांना सगळं माहीत आहे, तरी मला जे लागलं ते सांगतो. एक्सझेड म्हणजे फाइल दाबून लहान करणारं साधन, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम जिथे जिथे आहे तिथे ते जवळपास असतंच. लासे कॉलिन नावाचा फिनलंडचा एक माणूस ते वर्षानुवर्षं जवळपास एकट्याने बघत होता. २०२२ मध्ये काही जणांनी त्याच्यामागे ईमेलवर लकडा लावला, पॅच, म्हणजे पाठवलेल्या दुरुस्त्या, का घेत नाही, जमत नसेल तर दुसऱ्याला दे. त्यातलं एक नाव होतं जिगर कुमार. आपल्यातलंच वाटावं असं नाव, पण त्यामागे कुणी खरा माणूस होता असं आज जवळपास कुणी मानत नाही. जून २०२२ मध्ये कॉलिनने उत्तर दिलं, शांतपणे, की रस गेलेला नाही पण बराच काळ मनाची तब्येत बरी नाही आणि आणखीही काही कारणांमुळे लक्ष देणं होत नाहीये, आणि हे बिनपगारी आवडीचं काम आहे हेही लक्षात असू द्या. मी ते पत्र त्या शनिवारी तीनदा वाचलं. इतकं सरळ मला कधीच लिहिता आलं नव्हतं. आणि त्या पत्रावर पुढे काय आलं, तर आणखी लकडा.

मग त्याने तेच केलं जे सगळे सांगतात, मदतीला माणूस घेतला. जिया टॅन या नावाने तो माणूस २०२१ पासून पॅच पाठवत होता, नीट, सभ्यपणे, सातत्याने. दोन-अडीच वर्षं. हळूहळू त्याच्याकडे रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, काढायचे हक्क आले आणि फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने दुसऱ्यांच्या मशीनमध्ये चोरून शिरता येईल असं मागचं दार बसवलं. गिटमध्ये बघून ते कळलं नसतं. खरा मालमसाला टेस्टसाठी ठेवलेल्या, उघडून डोळ्यांनी वाचता न येणाऱ्या बायनरी फाइलींत लपवलेला होता, आणि तो बाहेर काढायला सुरुवात करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या गठ्ठ्यात होती. म्हणजे ज्या इतिहासावर आपण सगळे हात ठेवून शपथ घेतो तो स्वच्छ दिसत होता. सापडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसामुळे, त्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं. अर्धा सेकंद. कितीतरी लोकांनी तो अंगावरून जाऊ दिला असता.

आणि मी तिचा पीआर उघडून बसलो होतो आणि त्यात चार बायनरी फाइली होत्या. जुन्या फॉन्टमधल्या, नव्वदच्या दशकातल्या वर्डच्या फाइली, टेस्टसाठी.

त्या क्षणी जे वाटलं ते मला आजही चांगलं वाटत नाही. मी तिच्या नावावर क्लिक केलं, खातं आठ महिन्यांपूर्वीचं होतं. भाषा सभ्य होती. घाई नव्हती. सकाळपासून जे जे संशयाचं म्हणून वाचलं होतं ते सगळं तिच्यात होतं, कारण चांगल्या, शांत, पहिल्यांदाच काही पाठवणाऱ्या मुलीतही तेच असणार, दुसरं काय असणार. माझ्या एवढ्याशा कन्व्हर्टरवर डाव टाकायला कुणाला वेळ आहे, हे मला कळत होतं. तरी मी मर्ज दाबू शकलो नाही. नीट तपासायला एक पूर्ण रविवार लागला असता आणि तो रविवार माझ्याकडे नव्हता, किंवा होता आणि मी तो दिला नाही. भीतीचं आणि थकव्याचं त्या दिवशी एकमेकांशी जमलं. भीतीने मला थांबायला चांगलं कारण दिलं, मग थकव्याला बोलावंच लागलं नाही.

तिने जूनमध्ये एकदा विचारलं. मी "लवकरच" म्हटलं. मध्ये मी घाईघाईत टेबलाची रचना बदलली आणि तिच्या पीआरवर कॉन्फ्लिक्टची पट्टी आली. तिने ती एकदा सोडवली. मी परत काहीतरी बदललं, परत पट्टी आली. जानेवारी २०२५ मध्ये तिने पीआर बंद केला, "नो प्रॉब्लेम सर, थँक्यू, शिकायला मिळालं." त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलमधल्या त्या बाकड्यावर ही सगळी लांबण मला एका दमात आठवली असं नाही. बाबांना घरी आणलं, वॉकर आला, फिजिओथेरपीवाला मुलगा रोज अकराला यायला लागला, आणि मी तिथूनच ऑफिसचं काम करत राहिलो. त्याच सुमाराला गिटला वीस वर्षं झाली म्हणून सगळीकडे लेख येत होते. लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये काही दिवसांत ते उभं केलं आणि त्याच जुलैमध्ये जुनिओ हमानोंच्या हातात देऊन टाकलं, आणि हमानो वीस वर्षं झाली तरी तेच बघतायत. मला दर वेळी वाटतं की यात लिहिण्याइतकंच मोठं काम ते देऊन टाकणं होतं, आणि माणूस ओळखणं. कॉलिननेही माणूस ओळखायचा प्रयत्नच केला होता, आणि त्याला यात मी कधीही दोष देणार नाही. उलट तो त्यानंतरही तिथेच टिकून राहिला. जिया टॅनचे कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदलेले बदल, तपासत बसला आणि मे २०२४ मध्ये ५.६.२ काढली. लोक बातमी वाचून पुढे गेले होते, हा मागे बसून साफसफाई करत होता.

मी त्या कमेंटला उत्तर दिलं, पंधरा दिवसांनी. "बंद नाही. घरी आजारपण आहे आणि मी एकटाच आहे. मे अखेरपर्यंत नव्या इश्यूंना उत्तर मिळणार नाही." हीच तीन वाक्यं रीडमीच्या वर, पहिल्या ओळीत टाकली. त्याने एका तासात लिहिलं, "ओके सर, काळजी घ्या. माझ्याकडे आजीच्या ओव्यांची फाइल आहे, घाई नाही."

मग तिचं काम शोधायला बसलो. पीआर बंद झाला, तिने आपली कॉपीसुद्धा उडवून टाकली होती, पण गिटहब पीआरचे कमिट मूळ रेपोत, म्हणजे प्रोजेक्टच्या कोठारात, बाजूला ठेवून देतं, साध्या क्लोनमध्ये, म्हणजे उतरवून घेतलेल्या प्रतीत, ते दिसत नाहीत, पीआरचा नंबर घेऊन मुद्दाम मागवावे लागतात. मागवले. आले. अकरा कमिट, जसेच्या तसे. बायनरी फाइलींचा प्रश्न होताच, तो बाबांनी सोडवला. मी म्हटलं मला ऱ्य असलेले शब्द पाहिजेत, तुमच्या जुन्या कामातले, ज्यांची छापील प्रतही आहे असे. त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या मला माळ्यावरचा कुठला खोका काढायचा ते सांगितलं. १९९८ ची एक शाळेची स्मरणिका, कडा पिवळ्या, मधल्या पानाला अजून तो शाईचा वास. ते छापील पान वाचत होते, "येणाऱ्या, दुसऱ्या, पुढाऱ्यांनी, किनाऱ्यावर", आणि मी तेच शब्द जुन्या फाइलीतून एकेक उचलून साध्या टेक्स्टमध्ये मांडत होतो, कुणालाही उघडून डोळ्यांनी बघता येईल असे. तीन दुपारी गेल्या. मध्येच ते थांबून म्हणायचे, इथे प्रूफ चुकलंय बघ, सव्वीस वर्षांनी दिसतंय.

तिच्या अकरा कमिटांना नव्या कोडवर आणताना चार ठिकाणी कॉन्फ्लिक्ट आला. त्यातले दोन तेच, दोन्हीकडे सारखी दिसणारी ओळ. या वेळी मला माहीत होतं कुठली ठेवायची, तिनेच लिहून ठेवलं होतं.

तिला मेसेज केला. ती आता पुण्यात नोकरीला आहे, जावावर काम करते. उशीर झाला, चूक माझी होती, असं लिहिलं. तिने दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, की सर, मी तर विसरले होते, पण आईला दाखवलं. पुढे काम करशील का असं विचारायचं मनात होतं, पण विचारलं नाही. ती नाही म्हणाली असती तर तिचा हक्क होता, आणि हो म्हणाली असती तर मला अजून भीती वाटते की मी तिला परत ताटकळत ठेवीन.

मर्ज केल्यावर मी लॉग, म्हणजे बदलांची यादी, उघडून बघत होतो, सविस्तरवाला, ज्यात दोन्ही तारखा येतात. रिबेस केलं, म्हणजे जुने कमिट नव्या कोडवर आणून बसवले, तरी गिट मूळ लिहिणाऱ्याचं नाव आणि त्याची तारीख तशीच ठेवतं, आणि आत घेणाऱ्याचं नाव, तारीख वेगळी लिहितं. तिचं नाव, रविवार, १८ फेब्रुवारी २०२४. खाली माझं नाव, रविवार, ११ मे २०२५. बाबा वॉकर सरकवत मागे येऊन उभे राहिले होते. चष्मा कपाळावरून खाली घेतला, स्क्रीनवर वाकले आणि विचारलं, एकाच कामाला ह्या दोन तारखा कशा?

मी म्हटलं, तिने केलं ती तारीख तिची, मी घेतलं ती माझी.

त्यांनी आयुष्यभर लग्नपत्रिकांची पानं जुळवली, कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून घराघरांत उठलेली भांडणं दुकानात बसून ऐकली. थोडा वेळ ते नुसते बघत राहिले.

"तिचं नाव वर आहे ना?"

"हो बाबा, वरच आहे."